बेंदराच्या दिवशी अंगणाला टाकी लावली

नोकरी संपल्यावर मी गावात घर बांधलं. घराचं सगळं ठरलं होतं, अंगणाचं तेवढं राहिलं होतं. आमचं गाव भोरच्या पश्चिमेला, डोंगराला टेकून. तिथं मातीचं अंगण ठेवायचं म्हणजे पावसाळाभर घरात चिखल वाहायचा. तेव्हा काहीतरी घालायचं हे नक्की होतं. काय घालायचं यावर मात्र घरात दोन पक्ष पडले. एका पक्षात बायको आणि दुसऱ्यात मी.

बायकोला पेव्हर ब्लॉक हवे होते. शिवऱ्याला हायवेच्या कडेला लावलेल्या ब्लॉकच्या थप्प्या ती एसटीच्या खिडकीतून कित्येक वर्षं बघत आली होती.

"एक फुटला तर एकच बदलायचा. पाणी फटीतून खाली जातं. आणखी काय पाहिजे?"

"फटीतून गवत येतं," मी म्हणालो. "मुंग्या वाळू उकरतात. शिवाय ते पेट्रोल पंपाला शोभतं. घराला नाही."

"मग आपण काय राजवाडा बांधलाय?"

तिला सांगायची सोय नव्हती, पण माझ्या मनात तसंच काहीसं होतं. कारण त्याआधी मी पानशेतला जाऊन आलो होतो. कचेरीतल्या एका जुन्या सहकाऱ्यानं धरणाकाठी शनिवार-रविवारचं घर बांधलं होतं. जेवायला बोलावलं म्हणून गेलो, आणि जेवण राहिलं बाजूला, मी त्याच्या अंगणात गुडघे टेकून बसलो. काळ्या पाषाणाच्या वेड्यावाकड्या फरश्या, कुठं छिन्नीचा घाव, कुठं पावसानं खाल्लेली कड. "हे दगड कुठल्या खाणीतले?" मी विचारलं. तो म्हणाला, "दगड नाही. काँक्रीट आहे. वरून ठसा मारलाय." मी बोटाच्या पेरांनी वाजवून पाहिलं, नखानं खरवडून पाहिलं. चाटून बघायचं राहिलं, ते यजमानीणबाई बघत होत्या म्हणून.

झालं. त्याचं अंगण करणाऱ्या माणसाचा नंबर घेतला आणि मे महिन्यात तो आमच्या दारात हजर झाला. तो दिवस मी जन्मभर विसरणार नाही. आधी साधं काँक्रीट पसरलं. मग त्यानं जोंधळा फेकावा तशी मुठीनं रंगाची पूड फेकली. मग रबराचे मोठमोठे साचे ओल्या काँक्रीटवर मांडले आणि त्याची माणसं त्यांच्यावर उभी राहून धुमसानं ठोकू लागली. साचा उचलला की खाली दगड. दुसरा उचलला की त्याच्या शेजारचा दगड, सांध्याला सांधा जुळवून. डोंगराला जे करायला युगं लागली ते ही माणसं दुपारच्या चहाआधी उरकत होती. मी खुर्ची टाकून बघत बसलो. शेवटी धुऊन-वाळवून त्यावर चकाकणाऱ्या सीलरचा हात मारला, तेव्हा त्यात समोरचा डोंगर दिसायला लागला.

आमचं घर दादाच्या घराला लागून. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. शेती तो करतो आणि मी तिच्यावर बोलतो. तो आला, चपला काढून अंगणात उतरला.

"आरं, ह्यो दगुड हाय का काय?"

"काँक्रीट आहे दादा."

"काय सांगतूस. लई झ्याक." मग बराच वेळ तो वाकून बघत राहिला. "आमी जलमभर खाचरातनं दगडं काढून बांधाला टाकतोय, आन् ह्यो पठ्ठ्या दारात दगडं तयार करून घेतोय."

बायको तेवढी दारातून म्हणाली, "पावसात बघू."

पावसात काय झालं ते मी दादापासून लपवलं. आषाढाच्या आत मी चारदा आपटलो. एकदा दूध घेऊन, एकदा छत्रीसकट, एकदा काहीच न घेता. चौथ्यांदा पडलो तो नुकतंच बायकोला "आता पायाला सवय झाली" असं सांगून वळलो तेव्हा. एवढ्यावर भागलं असतं तर ही गोष्ट घरातच राहिली असती. पण बेंदूर आला.

बेंदराला आमच्याकडे बैल दारात आणायचा, ओवाळायचा, पुरणपोळी भरवायची. नव्या घराचा तो पहिला बेंदूर. दादानं आदल्या दिवशीच सांगितलं होतं, "नव्या उंबऱ्याम्होरं बैल उभा ऱ्हायलाच पायजे. थोरला घिऊन येतो."

थोरला म्हणजे दादाच्या जोडीतला जुना बैल. पांढरा, भरल्या वशिंडाचा, अंगावर हात ठेवला तर तापल्या भिंतीसारखा लागणारा. वरच्या खाचरांत ट्रॅक्टर चढत नाही, तिथली चिखलणी ह्याच्या खांद्यावर, आणि निम्मी खाचरं अजून राहिली होती. बैल घसरून त्याचा फरा, म्हणजे मांडीचा सांधा, निखळला तर तो पुन्हा उठत नाही, हे मला दादानं सांगायची गरज नव्हती. ते मलाही लहानपणापासून ठाऊक होतं.

शिंगं रंगवलेला, पाठीवर झूल घातलेला थोरला वाटेवरून डुलत आला आणि अंगणाच्या कडेशी येऊन थांबला. मान खाली घातली. माझ्या पाषाणाचा वास घेतला. मग एक खूर पुढं केला, हलकेच टेकवला, जरा दाबला, आणि परत घेतला. मी शिकल्यासवरल्या माणसानं हातानं, नखानं पारखून ज्याला दगड म्हटलं, त्याला ह्या जनावरानं एका खुरात खोटं ठरवलं.

"पोती टाकू," दादा म्हणाला. पोती टाकली. थोरल्यानं खूर ठेवताच पोतं सरकलं. खूर परत.

मग मला सुचलं. माझ्या आयुष्यातली बहुतेक वाईट कामं "मग मला सुचलं" ह्याच शब्दांनी सुरू झाली आहेत.

"दादा, खाचरातला चिखल आणून पसरू. त्याला मातीच वाटेल."

"आन् पाऊस आला मंजी?"

"उघडीप आहे. येत नाही."

आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी घमेली भरभरून चिखल आणला आणि वाटेपासून उंबऱ्यापर्यंत थापला. बायको ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभी होती.

"अहो, शेवटी चिखलच घालायचा होता, तर आधीचा काय वाईट होता? तो तर फुकट होता."

दादा इतका हसला की त्याला घमेलं खाली ठेवावं लागलं.

पण थोरला आला. चिखलात खूर रोवत, एकेक पाऊल ठरवत, उंबऱ्यापाशी येऊन उभा राहिला. बायकोनं ओवाळलं. त्याच्या तोंडाची वाफ ताटातल्या निरांजनापर्यंत येत होती. लांब खरबरीत जिभेनं त्यानं पोळी ओढून घेतली आणि डोळे अर्धे मिटून चावत राहिला. दार त्याच्या अंगानं भरून गेलं होतं. एवढं मोठं काही आजवर माझ्या घरी आलं नव्हतं.

आणि डोंगरावरून सर उतरली.

अंगणाला उतार उत्तम काढलेला आहे हे मला त्या दिवशी कळलं. बघता बघता सगळा चिखल ओघळून वाटेवर गेला आणि खालचे दगड लखलखायला लागले. थोरल्यानं मागचा पाय हलवला. तो सर्रकन बाजूला गेला. सगळं धूड हेलकावलं. झूल एका अंगाला लोंबली. कसाबसा त्यानं पाय परत पोटाखाली ओढला आणि मग तो थिजला. कातडी तेवढी थरथरत होती.

दादा हसायचा थांबला होता. त्यानं कासरा सोडून दिला आणि वशिंडावर तळवा ठेवला. "हालू नगंस राजा," तो म्हणाला. "आजाबात हालू नगंस." त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

ह्या वेळी मला काही सुचलं नाही, हे सगळ्यांचं नशीब.

बायको म्हणाली, "पाट्याला लावतात तशी टाकी लावा ह्या अंगणाला."

वाटणाचा पाटा वापरून गुळगुळीत झाला की छिन्नीनं बारीक घाव घालून तो पुन्हा खरबरीत करतात, ती टाकी. दादानं माझ्याकडं बघितलं, मी दादाकडं. बांधकामाच्या वेळच्या दोन छिन्न्या आणि हातोडे परसात पडले होते. मी घेऊन आलो.

बैल दाराकडं तोंड करून होता. म्हणजे आधी त्याला वळायला जागा पाहिजे होती, आणि ती जागा त्याच्याच पायाखाली होती. दादानं त्याच्या पुढच्या पायाला थोपटलं. थोरल्यानं पाय उचलून धरला. खाली मी बसलो, डोक्यावर ते पोट, आणि छिन्नी मारायला लागलो. ठणाठणा आवाज, ठिणग्या, पावसाचं पाणी. बैल बुजला असता तर माझं काय झालं असतं हा विचार नंतर आला. तो बुजला नाही. मी घाव घालून बाजूला झालो की तो पाय खाली ठेवायचा, दाबून बघायचा, आणि दादानं थोपटला की दुसरा द्यायचा. चारी पाय त्यानं असे एकेक करून आमच्या हवाली केले. साऱ्या अंगाचा भार तीन पायांवर, खाली निसरडं, आणि श्वास असा संथ की मला माझाच ऐकू येत होता.

मग आम्ही दोघं वाटेपर्यंत टाकीचा एक पट्टा पाडत निघालो. छिन्नीच्या एकेका घावाला सीलरचा पापुद्रा उडत होता, त्याखाली रंग, त्याखाली साधं राखी काँक्रीट. मी स्वतःच्या हातानं माझा पाषाण सोलत होतो, आणि खरं सांगतो, जरासुद्धा वाईट वाटत नव्हतं. दर दोन घावांनी मागं वळून बघायचो. तो तिथंच होता.

"हे सगळं उखडून ब्लॉक बसवायचे," बायको दारातून म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

"बसवू," मी म्हणालो.

"फटीत गवत येईल."

"येऊ दे की. ह्याला तेवढंच खायला हुईल," दादा म्हणाला. पण तो हसला नाही. त्याचं लक्ष खुरांवर होतं.

पट्टा वाटेला भिडला तशी दादानं बैलाच्या कानाशी काहीतरी पुटपुटून त्याला वळवायला घेतलं. ओढलं नाही. नुसता हात गळ्याखाली. त्या टोपलीएवढ्या जागेत ते प्रचंड जनावर चारी पाय जवळ घेऊन, थोडं थोडं, घराला शिंग लागू न देता वळलं. मग मान खाली घालून त्यानं पट्ट्याचा वास घेतला. हातभर रुंदीचा तो पट्टा, दोन्हीकडं लखलखणारं निसरडं. थोरल्यानं पुढचा खूर त्यावर ठेवला, दाबला आणि ह्या वेळी परत घेतला नाही. पुढचा खूर जिथून उचलला, नेमक्या तिथंच मागचा खूर येऊन पडत होता. मागं न बघता, मान न वळवता. दादा शेजारून अनवाणी, कासरा मोकळा, एक हात वशिंडाच्या वर हवेत धरून, टेकवलासुद्धा नाही.

मातीवर पाय लागताच थोरल्यानं सगळं अंग झाडलं आणि झूल सरळ बसली. दादानं कपाळ त्याच्या मानेला लावलं आणि तसाच उभा राहिला. किती वेळ, ते मी बघितलं नाही. बघण्यासारखं नव्हतं ते, म्हणजे दुसऱ्यानं बघण्यासारखं नव्हतं.

दोघं गोठ्याकडं गेले. मी वाटेवर भिजत राहिलो. घरात जायचं तर मधे अंगण होतं. मी चपला काढल्या, पट्ट्यावर एक पाय ठेवून दाबून बघितला, आणि मग दुसरा.