म्हसोबाच्या दगडातलं तेल

५ मे. बोरीच्या शेताच्या बांधावर बसून म्हसोबाचा सुटलेला शेंदूर खरवडत होते.

या उन्हाळ्यात त्याच्या अंगावरची शेंदराची जुनी जाड खोळ आपोआप गळून पडली. आत बारीक भोकांचा काळा दगड निघाला. शेंदूर लावायचं काम लेकीचं. शाळेत होती तेव्हापासून म्हसोबाच्या वर्षाच्या नैवेद्याच्या आदल्या दिवशी तीच लावायची. आता ती परदेशात, ज्यांत तेल सापडतं त्या खडकांवर प्रयोग करते. यंदा नैवेद्याला नक्की येते म्हणाली होती. पण तोवर देव उघडा कसा ठेवायचा? मी दगड धुतला, फडक्याने पुसला आणि ओल असतानाच तेलात कालवलेला शेंदूर लावला. मग रीतीप्रमाणे रोज सकाळी तांब्याभर पाणी घालत गेले. थोड्याच दिवसांत पापुद्रे सुटले आणि दगडावर तेलाचे थेंब येऊन बसले.

आमचे मालक म्हणाले, "लई घाई तुला. देवालाबी कळलं."

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर लेकीला दगड दाखवला. ती इतकी खूश झाली की मला राग आला. कोऱ्या दगडाला पाणी जवळचं, म्हणाली. ते बारीक भोकांत स्वतःहून शिरतं आणि तेलाला बाहेर ढकलतं. पण दगड वाळवून बराच काळ तेलात मुरवला, तर त्याचा ओढा तेलाकडे जातो. मग पाणी मोठ्या भोकांतून वाट काढून निघून जातं आणि बारीक भोकांतलं तेल जागचं हलत नाही. जमिनीखालच्या खडकात पाणी सोडून तेल काढतात, तिथंही आधी हेच बघावं लागतं. सांगताना तिचे हात सारखे हलत होते. लहानपणी येडगावच्या धरणावर चिखलाचे बांध घालताना अशीच बोलायची.

मी विचारलं, "मग कधी निघतेस?"

"आई, यंदा नाही जमणार गं. प्रयोग मध्येच सोडता येत नाही." मग म्हणाली, "दगड नीट वाळू दे. तेल कोमट करून लाव. शेंदूर नंतर."

मी बरं म्हटलं. मालक मागून म्हणाले, "जेवली का, इचार तिला."

६ मे. ऊन तापेपर्यंत थांबले. करडईचं तेल कोमट केलं आणि बोटांनी भोकाभोकांत जिरवलं. शेजारच्या शेतातली जाऊबाई कांदे भरता भरता ओरडून विचारत होती, शेंदूर कधी लावणार. म्हटलं, मुरू दे अजून.