माणिकबायचे खाडीतले खुंट

मानखुर्दच्या पुढं, ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यात माणिकबाय राहायची. नवरा अनंत तापानं गेला. मागं काय, तर दोन पोरी, एक होडी आणि खाडीत रोवलेले चार खुंट. त्या खुंटांना जाळं बांधायचं, ओहोटीच्या पाण्याबरोबर मासळी आपसूक आत. कुणाचे खुंट कुठं, ते गावाला तोंडपाठ. आधी सासऱ्याचे, मग अनंताचे, मग तिचे. समुद्राचा कागद कसला आलाय गं बाई!

चोपन्न साली तिथं तेलाचा कारखाना उभा राहत होता. बोटीतलं तेल म्हणे समुद्राखालून नळानं आणायचं. एवढाले लोखंडी नळ! अन् नेमका नळ जाणार माणिकबायच्या खुंटांवरून. खुंट उपटा म्हणाले, पलीकडं दुसरी जागा आखून देऊ, पण जुनी जागा ज्याची असेल त्यालाच.

कुणाची जागा कुठली ते लिहून घ्यायला बंदराचा साहेब देवळापुढं टेबल मांडून बसला. माणिकबाय पदर खोचून गेली.

"कागद आहे?"

"नाय. साहेब, तुमचा नळ कोनाचा?"

"अर्धा बंदराचा, अर्धा कंपनीचा."

"म्हंजे पान्याखालची तुमची वाटनी खरी, नि माजी तेवढी खोटी व्हय?"

लोक फिदीफिदी हसले. साहेबही ओशाळला, वाईट नव्हता बिचारा. म्हणाला, "बाई, आमच्या वाटणीला कागद आहे. तुमच्या नात्याबाहेरचं कुणी सांगेल, तर लिहितो."

आता कोळीवाड्यात नात्याबाहेरचं कोण? सगळे एकमेकांचे काका-मामा. जागा गेली तर पोरींना खायला काय घालणार?

एवढ्यात बाळा नाखवा पुढं आला. त्याचे खुंट तिच्या शेजारी, अन् अनंताशी त्याचं हाडवैर. माणिकबायला वाटलं, झालं, आता हा म्हणणार जागा माझीच.

"हिचा माजा काय संबंध नाय," बाळा बोलला. "हिचा घोव माजा वैरी. बारा वर्सं त्या जागेवरनं भांडलो." डोक्याचं फडकं काढून त्यानं कपाळावरची खोक दाखवली. "ह्ये अनंताचं वल्हं. जागा त्याची नसती तर काय हौस म्हनून माजं डोकं फोडलं असतं त्यानं?"

"म्हणजे जागा अनंताची, हे कबूल?"

"जितेपनी नव्हतं. आता कबूल."

साहेबानं लिहून घेतलं. माणिकबायनं नि बाळानं खाली अंगठे उठवले.

"नाखवा, जल्मात एक काम बरं केलंस," माणिकबाय म्हणाली.

"गप गो. उद्या ओहोटीला ये. खुंट उपटायला दोन होड्या लागतात, तुजी एकच हाय."

नवी जागा मिळाली ती जरा लांब, बोंबीलही कमी लागायचे तिथं. पण नावावर मिळाली. दुसऱ्या दिवशी सासऱ्याच्या हातचे खुंट चिखलातून सुटायला लागले, तेव्हा माणिकबायला रडू आवरेना. पण हातातला दोर काही तिनं सोडला नाही.