मागच्या चाकांचं काम

गल्लीत सगळे त्यांना ब्रेकमास्तर म्हणत. हाताला गुण होता, पण जिभेला हाड नव्हतं. त्याच जिभेने त्यांनी एकुलत्या एका मुलाला सुनावलं होतं, "गॅरेज सांभाळायचं नसेल तर या दारात पाऊल ठेवू नकोस!" पोरगा बापावरच गेलेला, त्याने खरंच ठेवलं नाही. बायको आधीच वारलेली, त्यामुळे मध्ये पडणारं कोणी नव्हतं. घरात बोलायचा तो रेडिओ.

एके सकाळी टोइंगवाल्याने एक गाडी आणून उतरवली. मागची दोन्ही चाकं जाम.

"मास्तर, तुमच्या चिरंजीवांची आहे. घरी गडबड होती म्हणे, कित्येक महिने ओलीत उभी होती, बटणाचा हँडब्रेक लावून. म्हणाले, हे काम बाबाच करतील."

"स्वतः नाही आला?"

"न्यायलाही मीच येणार."

मास्तरांनी गाडीच्या कॉम्प्युटरला मशीन जोडून ती सर्व्हिस मोडवर, म्हणजे दुरुस्तीच्या अवस्थेत टाकली. मोडवर असेपर्यंत हँडब्रेकचं बटण चालत नाही. ब्रेकची मोटर मागे सरली, पण चाकाची तबकडी आवळून धरणारा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या गंजून बसल्या होत्या. ठोकून, घासून, ग्रीस भरून त्यांनी दोन्ही बाजू मोकळ्या केल्या. आता फक्त मोड काढायचा राहिला.

तिथे हात थबकला. मोड तसाच ठेवला, तर समोरचा इशाऱ्याचा दिवा जळत राहील, हँडब्रेक लागणार नाही. मग पोरगा चिडून का होईना, फोन करेल. शिव्या देईल. देऊ दे, आवाज तरी ऐकू येईल! मास्तरांनी मशीन काढून ठेवलं.

गाडी बाहेर काढायला त्यांनी मान मागे वळवली. सकाळपासून त्यांची नजर चाकांच्या वर गेलीच नव्हती. मागच्या सीटवर बाळाची खुर्ची बांधलेली होती. पट्ट्यात एक मोजा अडकलेला, त्यांच्या अंगठ्याएवढा.

आपण आजोबा झालोय, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. स्टिअरिंग धरून ते बराच वेळ रडले.

मग मशीन पुन्हा जोडलं, मोड काढला. चढावर गाडी ब्रेकवर उभी केली, जोर लावून ढकलून पाहिली. तसूभर हलली नाही.

संध्याकाळी टोइंगवाला आला. "काही निरोप?"

"सांग, ब्रेक रोज लावत-सोडत जा म्हणावं."

"बस?"

"बस."

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. काम इतकं चोख झालं होतं, की ती आता वर्षानुवर्षं परत यायची नव्हती.