नऊ टाचण्या

रोज सकाळी ऑफिसात शिरण्याआधी मास्तर समोरच्या बसथांब्यावर दहा मिनिटं उभे राहायचे. बस त्यांना कुठलीच पकडायची नसायची. वर त्यांनी लिहिलेल्या ओळीचं होर्डिंग, खाली रांगेतली माणसं. कोण कोण मान वर करतं ते मास्तर मोजायचे आणि वर येऊन ऑफिसात फोन घेणाऱ्या बाईंना सांगायचे, "आज सहा."

"त्यातले दोन कावळा बघत असतील," बाई म्हणायच्या.

"तरी चार उरले की!"

सव्वीस वर्षं जाहिरातींच्या ओळी लिहिण्यापलीकडे त्यांनी काही केलं नव्हतं, आणि दुसरं काही त्यांना येतही नव्हतं. त्यांची साबणाची एक ओळ लोकांच्या तोंडी इतकी बसली की खुद्द मेहुण्याने जेवताना ती त्यांनाच ऐकवली, वर म्हणाला, "याला म्हणतात डोकं, दाजी!" दाजींनी मान डोलावून घास गिळला. उलट ज्या ओळीसाठी महिनाभर झुरले, ती क्लायंटच्या बायकोला आवडली नाही म्हणून दोन मिनिटांत केराच्या टोपलीत गेली. "घरात तोंडाला कुलूप, आणि गावभर भिंतींवर बडबड," बायको म्हणायची.

एजन्सीत टाचण्यांची पद्धत मास्तरांनीच पाडली होती. ओळी छापून फळ्यावर लावायच्या, नाव नाही, नुसता आकडा. प्रत्येकाने आवडलेल्या ओळीखाली एक टाचणी टोचायची. लिहिणाऱ्यानेही टोचायची, पण स्वतःच्या ओळीखाली नाही. "आपला तो बाब्या होतो," मास्तर म्हणाले होते, आणि तो नियम कधी कुणी मोडला नव्हता.

वर्षापूर्वी त्यांच्या हाताखाली एक मुलगी आली. तिला त्यांनी दुकानांत नेऊन उभं केलं, गिऱ्हाइकं घासाघीस करताना काय बोलतात ते ऐकायला लावलं. मुलगी हुशार होती. सहा महिन्यांत तिच्या ओळींखाली टाचण्या दिसू लागल्या, आणि त्यातली एक मास्तरांची असायची.

मग एका सोमवारी साहेबांनी दोघांना आत बोलावलं.

"कामं आटलीत. लिहायला दोन माणसं परवडत नाहीत, एकच राहील. मी कशाला वाईट होऊ? गादीच्या जाहिरातीची ओळ दोघांनी लिहा. शुक्रवारी टाचण्या ठरवतील." मग मास्तरांकडे वळून हसले. "तुमचीच पद्धत आहे."

शुक्रवारी फळ्यावर दोन कागद लागले. एक नंबर मास्तरांचा, दोन नंबर तिचा. पण ते त्या दोघांनाच ठाऊक. साहेब टाचणी लावत नसत. उरलेले सात जण एकेक करून उठले. एकखाली चार टाचण्या पडल्या, दोनखाली तीन.

आता दोघंच राहिले. मास्तरांनी मनात हिशेब केला. ती माझ्या ओळीला देणार, मी तिच्या. पाच आणि चार. चार दिवस छातीवर ठेवलेला दगड जरा हलला.

मुलगी उठली. फळ्याजवळ क्षणभर थांबली, मास्तरांकडे न बघता टाचणी दोनखाली टोचली, आणि ओढणी सावरत जागेवर येऊन बसली.

चार आणि चार.

मास्तर उठले. टाचणी एकखाली लावली असती तर बोलायला तिला तोंड नव्हतं, आणि बाकी कुणी बोललं नसतं. हात नियमाने गेला की सवयीने, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. तो दोनखाली गेला.

साहेबांनी कागद उलटून मागची नावं वाचली. चित्रकार पटकन म्हणाला, "थांबा, थांबा. मास्तरांनी तर हिला दिली. मग हिची कुठंय? म्हणजे हिने स्वतःलाच..."

"मला खरंच तीच चांगली वाटली," मुलगी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

साहेब खो खो हसले. "याला म्हणतात आत्मविश्वास! गाद्या विकायला हाच लागतो."

"पण नियम आहे ना, साहेब..."

"नियम मास्तरांचा. मास्तर आता कुठे आहेत इथे?"

मास्तर तीन पावलांवर उभे होते. कुणीतरी हसलं. फोनवरच्या बाईंनी न वाजलेला फोन उचलून कानाला लावला. चित्रकाराने तोंड मिटलं. त्याचीही नोकरीच होती.

"दुपारपर्यंत टेबल रिकामं करा," साहेब म्हणाले. "आणि हो, पाचला हे छापायला जायचंय. जाता जाता हिच्या ओळीवरून एक हात फिरवा. तुमच्यासारखी नजर नाही हो तिला अजून."

सगळ्यांना वाटलं, आता तरी म्हातारा भडकेल. मास्तर आपल्या खुर्चीत बसले. मुलगी कागद घेऊन नेहमीसारखी शेजारी उभी राहिली.

"मास्तर, माझ्यापुढे दुसरा काही मार्गच..."

"पेन्सिल दे."

तिने दिली. कागदावर तिची ओळ होती : आज लवकर झोपा, उद्याचं उद्या बघू. मास्तरांनी ती ओठांतल्या ओठांत दोनदा वाचली आणि पहिल्या शब्दावर रेघ मारली.

"‘आज’ काढ. गादी काय एका रात्रीसाठी घेतात?"