दहावी नापास रोहिदासभाऊंची सूर्यचूल

चोपड्यात कुणालाही विचारा, लोखंड वाकवावं तर रोहिदासभाऊंनीच. गेटची कमान असो की आमच्या विहाराचा घुमट, खिळा ठोकायचा, दोरी फिरवायची, की झाली गोलाई. पण दहावीला बीजगणितानं दगा दिला, ते दुखणं त्यांनी तीस वर्षं जपलंय. एक्स दिसला की माणूस दुसरीकडे बघणार! मी शेजारचा सायकलवाला, मला सगळं ठाऊक.

स्टँडजवळ दिवालीबाईची चहाची टपरी. धुरानं तिचे डोळे अधू होत चाललेले. डॉक्टरांनी बजावलं, चुलीपासून लांब राहा, नाहीतर उरलीसुरली नजरही जाईल. पण टपरीवरच तिचं पोट. तिथं रोज चहा घेणाऱ्या सुनिता मॅडम गणिताच्या. त्यांनी भाऊंना सूर्यचूल करायला सांगितली आणि आकारासाठी एक समीकरण लिहून दिलं. भाऊंनी कागद तसाच खिशात घातला, सवयीनं एक मीटरची दोरी फिरवली आणि चकचकीत थाळी उभी केली.

दोन तास कडक ऊन. पाणी जेमतेम कोमट.

"भाऊ, तुना ह्या ताटमा मी कोंबडीस्ले पानी ठेवसू," दिवालीबाई हसत म्हणाली आणि पुन्हा धुराच्या चुलीकडे वळली.

मॅडमनी कागद मागितला. त्याची घडीही मोडलेली नव्हती. भाऊंचा मला असा राग आला म्हणता!

"भाऊ, वर्तुळ असतं तर दोन्ही अक्षरांवर वर्ग असता," मॅडम म्हणाल्या. "इथं तो एकट्या एक्सवर आहे. म्हणजे हा अन्वस्त, पॅराबोला. ऊन एका जागी गोळा करतो तो हाच."

एक्स म्हणजे मध्यापासूनचं अंतर, वाय म्हणजे तिथली उंची. एक्सचा वर्ग भागिले दोनशे, की वाय आला, मॅडमनी फोड करून सांगितली. वीस सेंटीमीटरवर दोन, चाळीसवर आठ, साठवर अठरा. भाऊंनी फरशीवर खडूनं ठिपके दिले, जोडले आणि दोरीच्या गोलाईवर वाकवलेली आपली जुनी लोखंडी पट्टी वर ठेवली. मध्यात बरोबर बसली, टोकाला मात्र दोन सेंटीमीटर वर गेली.

"बठ्ठं ऊन आठेच सांडनं!" भाऊ त्या टोकावर बोट ठेवून ओरडलेच, सगळं ऊन इथंच सांडलं होतं. दोन दिवस जेवणाखाण्याची शुद्ध नव्हती त्यांना. एकेक पट्टी ठिपक्यांवर बसेपर्यंत ठोकली.

नव्या थाळीवर वीस मिनिटांत पातेलं खदखदलं. दिवालीबाईनं सवयीनं फुंकणी उचलली, वाकायला गेली आणि थबकली.

"आते काय फुकू मी?"

भाऊंनी तोंड फिरवून डोळे पुसले, धूर नसताना.