कढीपत्त्याची मुकादमी

लिंबाच्या एका अख्ख्या बागेला पाणी कधी द्यायचं हे ठरवायचं काम मी माझ्या मावशीच्या कुंडीतल्या कढीपत्त्यावर सोपवलं. मुद्दाम नाही. पण मुद्दाम असं माझ्या हातून काही झाल्याचं मला आठवत नाही. जे झालं ते सगळं असंच झालं.

ठाण्याहून इस्राएलला येऊन मला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. नवं शतक नुकतं लागलं होतं आणि जो तो बिनतारी काहीतरी बनवत होता. आम्हीही. किर्यात गातच्या औद्योगिक वसाहतीत, टायरवाल्याच्या शेजारच्या शेडमध्ये आमची कंपनी होती. कंपनी म्हणजे मालक, मी, प्रोग्रॅम लिहिणारी एक सहकारी आणि सतत बिघडलेलं कॉफीचं यंत्र. सहकारी इथेच जन्मलेली, पण आजी-आजोबा अलिबागकडचे. मराठी तिला सगळी कळायची, उत्तर मात्र हिब्रूतच द्यायची. मराठीतला एकच शब्द ती वापरायची, तो म्हणजे ‘काका’, आणि तोही मी काही मूर्खपणा केला असेल तेव्हाच. दिवसातून बऱ्याचदा वापरायची.

आम्ही डब्या बनवायचो. साबणाच्या डबीएवढी डबी, खाली एक काडी. काडी मातीत खुपसायची की डबी मातीची ओल मोजायची आणि रेडिओवरून कळवायची. माती कोरडी असेल तर शेतघरातलं मुख्य यंत्र पंप सुरू करणार, ओली झाली की बंद. ऐकायला किती सोपं! अडचण बॅटरीची. प्रत्येक डबी थेट शेतघरापर्यंत ओरडायला लागली तर आठवड्यात तिचा घसा बसतो. म्हणून शेजारशेजारच्या डब्यांची टोळी करायची आणि टोळीने आपला एक मुकादम निवडायचा. बाकीच्यांनी मुकादमाच्या कानात कुजबुजायचं, ओरडायचं काम मुकादमाने करायचं. ओरडून ओरडून त्याची बॅटरी उतरली की टोळीने दुसरा मुकादम निवडायचा.

हा मुकादम कसा निवडायचा याचे नियम मी केले होते. नियम पहिला: ज्याच्या बॅटरीत जीव जास्त आणि ज्याचा आवाज जास्तीत जास्त डब्यांना स्पष्ट ऐकू येतो, तो मुकादम. नियम दुसरा, ज्याचा मला विशेष अभिमान होता: टोळीतल्या कोणाचं म्हणणं मुकादमाशी जुळलं नाही, तर ती डबी बिघडली असं समजायचं आणि तिचं ऐकायचं नाही. आमच्या काड्या स्वस्तातल्या होत्या, अधूनमधून काहीच्या बाही सांगायच्या, म्हणून ही युक्ती. सहकारी म्हणाली होती, “आणि मुकादमच चुकीचा असला तर?” मी म्हणालो, “मुकादम चुकीचा निवडलाच जाणार नाही. निवडणूक शास्त्रीय आहे.”

“काका,” ती म्हणाली.

डब्या लावायला आम्हाला एकच गिऱ्हाईक मिळालं. दक्षिणेकडच्या नेतिवोत गावाच्या कडेला, शेवटच्या इमारतींच्या समोर, रस्त्यापलीकडे एका शेतकऱ्याने लिंबाची नवी कलमं लावली होती. हा लहानपणी ट्युनिसहून आलेला, देवभीरू, आणि माणूस बघताक्षणी त्याचं वजन करणारा. त्याने अट सांगितली: “पहिला उन्हाळाभर मी पंपाला हात लावणार नाही. तुमच्या डब्या सांगतील तसं. कलमं तगली तर डब्या विकत घेतो, माझे मेहुणेही घेतील. मेली तर डब्या खड्ड्यात घालीन आणि वर तुला.” मालकाने परत येताना गाडीत ओरडून सांगितलं की ही कलमं मेली तर आपली शेडही टायरवाल्याकडे जाईल. म्हणजे आमच्या तिघांची पोटं त्या कलमांच्या मुळाशी बांधलेली होती.

आता मावशी. रस्त्याच्या अलीकडच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर ती एकटी राहायची. मुंबई सोडताना तिची मराठी जिथे होती तिथेच थांबली होती, आणि तिच्या दुःखांत सर्वांत मोठं दुःख कढीपत्त्याचं होतं. नेगेवच्या वाळवंटी उन्हात तिचा कढीपत्ता दर उन्हाळ्यात मरायचा. मग कोणाच्या तरी सामानातून नवीन रोप यायचं, त्याचं बारसं व्हायचं तेवढं बाकी, आणि तेही मरायचं. बागेत डब्या लावून मी दुपारी तिच्याकडे जेवायला गेलो, तर ती आमटी वाढता वाढता म्हणाली, “परक्याच्या बागेची तहान तुला कळते, आणि माझं हे एवढंसं झाड? त्याला कोण विचारतो?”

मला ते लागलं. गाडीतल्या खोक्यात एक डबी उरली होती. मी ती आणली, काडी कढीपत्त्याच्या कुंडीत खुपसली, कुंडी गॅलरीच्या कठड्यावर ठेवली आणि मावशीला दाखवलं, “माती सुकली की हा लाल दिवा लागेल. लागला की पाणी घाल.” बॅटरी बदलायचा तिला त्रास नको म्हणून डबी सरळ भिंतीतल्या प्लगला जोडून दिली. फक्त एक करायचं राहिलं. ही डबी बागेतल्या डब्यांची कोणी लागत नाही, हे तिच्या प्रोग्रॅममध्ये लिहायचं. आमटी गार होत होती.

झालं. बागेतल्या डब्यांनी त्या संध्याकाळी निवडणूक घेतली. बघतात तर काय, रस्त्यापलीकडे उंचावर एक डबी बसली आहे, आवाज सगळ्यांना खणखणीत ऐकू येतोय, आणि बॅटरी काही केल्या उतरत नाही. साऱ्या टोळ्या मोडल्या, एकच टोळी झाली आणि कढीपत्ता तहहयात मुकादम झाला.

शेडमधल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर मला दिसलं की सगळ्या बागेने एकमताने एकच मुकादम निवडला आहे. मालकाला ही एकी फार आवडली. मीही फुशारलो. तो मुकादम बागेत नेमका कुठे उभा आहे, हे बघावंसं मात्र मला वाटलं नाही.

मावशी लाल दिव्याची वाट कशाला बघते! सकाळी चहाबरोबर ती कढीपत्त्याला पाणी घालायची, संध्याकाळी परत. कुंडी कायम ओली, मुकादम कायम तृप्त. खाली बागेतली एखादी डबी कुजबुजायची की इथे धुरळा उडतोय, तर नियम दुसरा: ही बिघडली, हिचं ऐकू नका. पंप बंद.

पण मावशी शब्बाथ पाळायची, आम्हा ज्यूंचा शनिवारचा विसावा, आणि शब्बाथला झाडाला पाणी घालत नाहीत. शुक्रवारच्या संध्याकाळनंतर कुंडीला थेंब नाही. शनिवारी दुपारपर्यंत एवढीशी माती ठणठणीत, मुकादम बोंब मारतो, की पंप सुरू! शनिवारी रात्री शब्बाथ सुटला की मावशी आधी कढीपत्त्याला भरपूर पाणी घालायची, मग स्वतः प्यायची. पंप बंद.

शेतकऱ्याचा फोन आला. “इंजिनिअर, माझा पंप सहा दिवस झोपतो आणि फक्त शब्बाथला कामाला जातो. मी सिनेगॉगमधून येतो तेव्हा सगळा रस्ता माझ्याबरोबर चालतो आणि सगळा रस्ता त्याचं घुमणं ऐकतो. माझा मेहुणा विचारतो, पंप कुठल्या धर्माचा घेतलास?”

“आधीपासून लावून ठेवलेलं यंत्र शब्बाथला आपोआप चाललं तर चालतं ना?”

“चालतं, हबीबी. पण फक्त शब्बाथलाच चालणारं यंत्र मी आजवर बघितलं नव्हतं. आणि कलमांची पानं वळायला लागलीत.”

मी आकडे काढून बघितले. खरंच, दर शनिवारी ओल घसरत होती आणि इतर दिवशी बाग कशी न्हाऊन निघाल्यासारखी. समोर धडधडीत दिसत होतं की ही बाग देवाची आज्ञा पाळते. एखाद्या शहाण्या माणसाने चौकशी केली असती. मी सिद्धांत मांडला. शनिवारी रस्त्यावर गाड्या नसतात, म्हणून धूळ उडत नाही, म्हणून पानं मोकळा श्वास घेतात, म्हणून मुळं जास्त पाणी ओढतात, म्हणून माती सुकते! मालकाने त्याचा रंगीत तक्ता करून शेडच्या दारावर लावला. सहकारी त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. काका म्हणण्याइतकाही जोर तिच्यात उरला नव्हता.

शेतकऱ्याने पान वळलेलं एक कलम मुळासकट उपटून माझ्या टेबलावर आणून ठेवलं. मुळाला चिकटलेली माती फुंकर मारली तर उडाली. मी त्याला पडदा दाखवला. “बघा, तुमची माती ओली आहे.”

त्याने एकदा मातीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. “उन्हाळाभराचा शब्द दिलाय म्हणून गप्प आहे,” म्हणाला आणि गेला.

त्याच सुमारास मावशी मुलीचं नवं बाळ बघायला चार दिवस हैफाला निघाली. बसस्टॉपवर माझ्या हातात किल्ली देत म्हणाली, “रोज जाऊन झाडाला पाणी घाल. विसरशील.”

“विसरेन कसा? लाल दिवा लागतो ना.”

“दिवा गॅलरीत, तू किर्यात गातला, मेल्या. तुला दिसणार कुठून?”

मी हसलो, आणि विसरलो.

पुढे काय झालं ते फोनवर कळलं. सकाळी मी शेडमध्ये पोचलो तर फोन वाजत होता. शेतकरी कधी नव्हे इतक्या शांतपणे बोलत होता.

“पंप परवापासून बंद होत नाहीये.”

मी पडदा बघितला. “कसा होईल? तुमची बाग कोरडी ठणठणीत आहे.”

“इंजिनिअर, मी गुडघाभर चिखलात उभा राहून बोलतोय. ट्रॅक्टरची चाकं दिसत नाहीत. एक बदक आलंय. आता मी पंप हाताने बंद करतो आणि तू इथे येतोस.”

सहकारी आणि मी निघालो. तिने बरोबर हातातलं यंत्र घेतलं होतं. मुकादम जसजसा जवळ येईल तसतसा त्याच्यावरचा काटा चढणार. आम्ही चिखलात पाय बुडवत रांगेरांगेतून हिंडलो. मागे शेतकरी. काटा बागेच्या मध्यावर चढला नाही. पश्चिमेच्या कुंपणाशी चढला नाही. रस्त्याच्या कडेला थोडा चढला. “बागेबाहेर?” शेतकरी म्हणाला. रस्ता ओलांडला, आणखी चढला. मी यंत्रावर दोन थापा मारल्या. “बिघडलंय,” मी म्हणालो.

“यंत्राचं मुकादमाशी जुळत नाही का?” सहकारी म्हणाली.

इमारतीचा जिना चढताना कठडा फार ओळखीचा वाटायला लागला. दुसऱ्या मजल्यावर माझ्या लक्षात आलं, आणि मी म्हणालो की खाली गाडीत काहीतरी राहिलंय. शेतकऱ्याने मागून माझा शर्ट धरला. “वर चल.”

तिसऱ्या मजल्यावर काटा शेवटाला टेकला. दार उघडंच होतं. मावशी सकाळच्या बसने हैफाहून परत आली होती, पर्स अजून खांद्याला, आणि गॅलरीत कुंडीसमोर उभी. कुंडीत एक काटकी होती. काटकीच्या पायाशी लाल दिवा लागलेला.

“आलास?” ती मला म्हणाली. “ये. मयताला वेळेवर आलास.”

मग तिची नजर आमच्या पायांकडे गेली. “आणि हा चिखल कुठला? बाहेर तर सगळं सुकं आहे.”

सहकारीने माझ्याकडून सगळं वदवून घेतलं आणि सांगितलं. शेतकऱ्याला हिब्रूत, आणि मावशीसाठी तेच परत, मी पहिल्यांदाच ऐकत होतो त्या मराठीत, सावकाश, एकही गोष्ट न गाळता. आमटीसुद्धा. शेतकरी खुर्चीवर बसला. त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. तो हसत होता, पण मध्येच थांबायचा आणि माझ्याकडे असं बघायचा की हसणं बरं होतं.

“म्हणजे बाई,” तो मावशीला म्हणाला, “माझ्या कलमांना तुम्ही पाणी देत होता.”

“मला विचारलं असतं तर जास्त दिलं असतं,” मावशी तिच्या मोडक्या हिब्रूत म्हणाली आणि त्याच्यासमोर चहा ठेवला.

तो उठून गॅलरीत गेला आणि कठड्यावरून त्याने बागेकडे बघितलं. वळलेली पानं त्या महापुरात उलगडली होती. काही कलमं गेली, बरीचशी तगली. ही किमया माझ्या विसराळूपणाची, पण तसं म्हणायची ती वेळ नव्हती. परत येऊन त्याने सहकारीला सांगितलं, “डब्या राहू देत. प्रत्येक टोळीचा मुकादम माझ्या बागेतलाच हवा, आणि बागेतल्या डब्यांचं म्हणणं कोणीतरी ऐकायला हवं. ते तू लिही. हिशेब तुमच्या मालकाशी करतो.” म्हणजे शेड वाचली.

मग तो मावशीकडे वळला आणि अंगठ्याने मला दाखवून म्हणाला, “आणि हा? तुम्ही याला लहानपणापासून ओळखता. याला पुन्हा माझ्या बागेत येऊ देऊ का?”

सगळे मावशीकडे बघायला लागले. मीसुद्धा, जमेल तितका गरीब चेहरा करून. घरातलं माणूस आहे, चार बरे शब्द बोलेल, असं मला वाटलं. तिने कुंडीतून काटकी उपटली, उलटीपालटी करून बघितली आणि केराच्या डब्यात टाकली. आणि उत्तर मुद्दाम हिब्रूतच दिलं, म्हणजे कोणाचं ऐकायचं राहायला नको:

“बागेचं राहू द्या, मी याला गॅसवरच्या दुधाकडे बघ म्हणूनसुद्धा सांगत नाही.”