घमेलं कुणी पाडलं

घमेलं माझ्यामुळे पडलं आणि मी नाव वहिनींचं सांगितलं. एवढ्याशा गोष्टीने पन्नाशीच्या माणसाची झोप जावी याचं कुणालाही हसू येईल. पण माझी गेली.

मी आणि माझी थोरली भावजय रनाळ्याहून नंदुरबारला इंग्रजी बोलण्याच्या क्लासला जायचो. मी कचेरीत कारकून. इंग्रजी अर्ज लिहून घ्यावा तो माझ्याकडूनच, असा गावात लौकिक. बोलायची वेळ आली की मात्र घाम फुटायचा. वहिनींचं उलट होतं. त्यांना बोलायची हौस, आणि चुकायची भीती अजिबात नाही.

मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. पहिल्याच दिवशी मी ऐटीत म्हणून दाखवलं, "पुट. इट. ऑन. अ. प्लेट."

"सर, तुम्ही प्रत्येक शब्दाला कुलूप लावताय," मॅडम हसल्या. "बोलताना मागच्या शब्दाचं शेवटचं व्यंजन पुढच्याच्या स्वराला जाऊन चिकटतं. पुटिटॉना प्लेट."

समोरच्या इमारतीचा स्लॅब चालू होता. बाया-माणसं ओळीने उभी राहून घमेली हातोहात देत होती. मॅडमनी तिकडे बोट दाखवलं. "हे असं. पुढच्याने धरल्याशिवाय आपण सोडायचं नाही, आणि पुढच्यानेही हात तयार ठेवायचा."

दुसऱ्या दिवशी त्या खरंच एक रिकामं घमेलं घेऊन आल्या. पाच जण ओळीत, प्रत्येकाचा एक शब्द. वहिनी 'पुट', मी 'इट'. घमेलं सरकेल तसं वाक्य सरकायचं. समारोपाला घरच्यांसमोर हेच करून दाखवायचं होतं.

ओळीत आपण पहिल्या, याचा वहिनींना कोण आनंद! गल्लीतल्या बायांना आमंत्रणं गेली, ठेवणीतली साडी इस्त्रीला गेली. मोटारसायकलवर माझ्यामागे बसून त्यांचा सराव चालायचा, "पुटिटॉना, पुटिटॉना!" गतिरोधक आला की आवाज आणखी उडायचा.

"वहिनी, लोक पाहतात."

"देखू द्या भाऊ, फुकट शे!" वहिनी आपल्या अहिराणीत म्हणायच्या.

तालमीच्या दिवशी दुसऱ्या तुकडीची माणसं बघायला आली होती. आपलं इंग्रजी त्यांना कसं स्वच्छ ऐकू गेलं पाहिजे, या विचारात मी हात मागे बांधून उभा राहिलो. वहिनींनी 'पुट' म्हणत घमेलं पुढे केलं. मी आधी घसा साफ केला. घमेलं फरशीवर आपटलं आणि सगळा वर्ग हसला.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"वहिनींनी लवकर सोडलं," मी म्हणालो.

माझं इंग्रजी पक्कं, असं सगळेच धरून चालले होते. मॅडमनी समजुतीच्या आवाजात वहिनींना ओळीतून काढून मोबाइलवर चित्रीकरण करायचं काम दिलं. वहिनींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मोबाइल हातात घेतला. परतताना गतिरोधक आले आणि गेले, मागून शब्द आला नाही. घरी पोचल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "आते उद्यापासून तुम्ही एकलाच जा."

रात्रभर मी या कुशीवरून त्या कुशीवर. सकाळी त्यांच्या दारात जाऊन म्हणालो, "आजचा एक दिवस चला. मला तिथे सगळ्यांसमोर काही सांगायचंय." त्यांनी बराच वेळ भाकरी थापली. मग म्हणाल्या, "गाडी काढा."

वर्ग भरल्यावर मी उभा राहिलो. काल हात मागे माझे होते, वहिनींनी बरोबरच दिलं होतं, मी खोटं बोललो, असं मराठीतच सांगून टाकलं. मॅडमनी कोपऱ्यातलं घमेलं उचलून वहिनींच्या हातात दिलं आणि त्यांना ओळीत पहिलं उभं केलं.

मला वाटलं, माफी तरी इंग्रजीत मागावी. पण भीतीने जुनी खोड परत आली. "इट. वॉझ. ऑल. माय..."

"भाऊ," घमेलं कमरेवर घेऊन वहिनी म्हणाल्या, "जोडीसन बोला ना! आठे काय कुलपं इकाले बशेल शेत का?"

इथे कुणी कुलपं विकायला बसलंय का, हे ऐकून सगळे हसले, मीही हसलो. मग हात पुढे करून एका दमात म्हणालो, "वहिनी, इट्वॉझॉल माय फॉल्ट. आयॅम सॉरी."